एका ब्लेडात किती दाढ्या?

शुक्रवारी सकाळी दुबईत, देऱ्याच्या नायफ भागात, सलूनच्या बाकड्यावर बूड टेकायला जागा मिळत नाही. 2022च्या जानेवारीपासून अमिरातीतली सरकारी सुटी शनिवार-रविवारवर गेली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला, पण जुम्म्याच्या नमाजाआधी दाढी उरकून घेण्याची रीत काही बदललेली नाही. आत तीन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात मल्याळी बातम्या लावलेला टीव्ही. मधल्या खुर्चीवरचा कारागीर बिजनौरकडचा. त्याने खिशातून ब्लेडचं पाकीट काढलं, एक ब्लेड कागदासकट दोन बोटांत धरलं आणि लांबीत दुमडलं. कट्‌ असा बारीक आवाज झाला. ब्लेडचे बरोबर दोन उभे तुकडे. एक वस्तऱ्याच्या खाचेत बसला, दुसरा कागदातच राहिला.

"आधा इनका, आधा अगले का," तो म्हणाला.

दहा मिनिटांत गिऱ्हाइकाची दाढी झाली, तुरटी फिरली, आणि तो अर्धा तुकडा काउंटरखालच्या प्लास्टिकच्या बरणीत पडला. एका गिऱ्हाइकाचं पातं दुसऱ्याला लावायचं नाही, असा इथल्या नगरपालिकेचा नियम आहे, आणि तपासनीस कधी येईल याचा नेम नसतो. बरणीतल्या तुकड्याला अजून चांगली धार होती. घरी कुणीही त्यावर आणखी आठवडा काढला असता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'टिकणं' हा विषय कळवला, तेव्हा बाकीचे लेखक किल्ले, लग्नं आणि भाषा यांच्यावर लिहिणार हे उघड होतं. मी ब्लेड घेतलं. दाढीचं दुधारी ब्लेड किती दिवस टिकतं, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही घरात विचारून पाहा. उत्तर देणारा आधी हसतो आणि मग वडिलांबद्दल बोलायला लागतो. अमिरातीत मात्र हेच ब्लेड एकाच शहरात दहा मिनिटंही जगतं आणि पंधरवडाही.

फेकून देण्याची वस्तू

ब्लेड टिकावं ही अपेक्षा मुळात त्याच्या जन्मकथेच्याच विरोधात आहे. किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता होता. लोकांनी वापरून फेकावी आणि पुन्हा विकत घ्यावी, अशी वस्तू काढण्याचं त्याच्या डोक्यात होतं. पातळ पोलादी पट्टीला धार लावणं त्या काळच्या जाणकारांना अशक्य वाटत होतं. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते यंत्रावर जमवलं. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षात 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख ब्लेडं घेतली, आणि रोज आपल्या हाताने दाढी करणारी एक अख्खी पिढी घरी परतली.

वस्तरा दगडावर लावायचा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा; ती सगळी उस्तवार जिलेटने मोडीत काढली. गिऱ्हाइकाच्या मनातून मात्र ती निघाली नाही. विकत घेतलेलं पातं पुन्हा धारदार करता येईल, हा मोह गेली शंभर वर्षं सुटलेला नाही. हेन्री गेझमनचा ऑटोस्ट्रॉप रेझर याच मोहावर चालला. त्यात पातं न काढता पट्ट्यावर घासता येई. 1930 साली त्याची कंपनी आणि जिलेट एक झाल्या, आणि ब्लेडच्या मधोमध तीन गोल भोकांच्या जागी लांब खाच आली. आज कुठल्याही देशातलं दुधारी ब्लेड पाहा, खाच तीच. त्यामुळे आजोबांच्या रेझरमध्ये काल घेतलेलं ब्लेड बिनतक्रार बसतं.

आपल्याकडे काचेचा ग्लास होता. ग्लासात ब्लेड आडवं धरून दोन बोटांनी दाबत आतल्या गोलाईवर मागेपुढे घासायचं. हा उद्योग निव्वळ वेडेपणाचा नव्हता. जुनी ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची असत; त्यांची धार वापराने एका अंगाला वळे, आणि काचेवर घासल्याने ती थोडीफार सरळ होई. एखाद-दोन दाढ्या वाढत. स्टेनलेस ब्लेडवर मात्र हाच प्रयोग केला, तर वरचा मुलामा खरवडला जातो आणि हाती काही लागत नाही. सगळ्यांवर कडी केली ती प्रागच्या कारेल द्रबल या गृहस्थांनी. पुठ्ठ्याच्या छोट्या पिरॅमिडखाली ब्लेड ठेवलं की त्याची धार परत येते, असा त्यांचा दावा होता, आणि 1959 साली त्यांना चेकोस्लोव्हाकियात त्याचं पेटंटही मिळालं. पेटंट मिळालं म्हणजे दाढी झाली, असं नाही.

साठ वर्षांपूर्वीचं पाकीट

शारजात अल नाहदाच्या एका इमारतीत पुण्याचे एक गृहस्थ राहतात. हिशेबनीस म्हणून आले, निवृत्तीला टेकले. त्यांच्या बेडरूममधल्या कपाटाचा एक खण जुन्या ब्लेडांनी भरलेला आहे. शारजाच्या जुन्या बाजारातल्या दुकानांतून, लंडनच्या फेरीतून, मुंबईतल्या बंद पडलेल्या जनरल स्टोअरच्या माळ्यावरून त्यांनी ती जमवली. दाखवताना त्यांनी आधी हात पुसले.

जिलेटचं 'ब्लू ब्लेड' पहिल्यांदा हातात आलं. निळ्या कागदावर खुद्द जिलेटसाहेबांचा चेहरा, आणि गंमत म्हणजे चांगली भरघोस मिशी. कागद उघडला तर आतल्या मेणकागदाला तेलकट वास आणि पात्याच्या कडेला तपकिरी ठिपके. "ही शोभेची," ते म्हणाले. "कार्बनची आहेत. नवी असतानासुद्धा दोन-तीन दाढ्यांवर कोणी ताणत नसे. ओली राहिली की दुसऱ्या दिवशी गंज."

मग विल्किन्सन. 1772 साली लंडनमध्ये बंदुका बनवण्यापासून सुरू झालेली, पुढे तलवारींसाठी नावाजलेली ही कंपनी बागकामाची अवजारंही विकायची. 1961-62च्या सुमाराला तिने मुलामा दिलेलं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि धंद्याची गणितंच उलटली. एका पात्यात आठवडा, काहींचे दोन आठवडे निघू लागले. विल्किन्सनला मागणी पुरवता येईना. जिलेटचं दुखणं वेगळंच. पात्यावर द्यायच्या मुलाम्याचं पेटंट तिच्याकडे होतं, विल्किन्सन तिलाच त्याचं शुल्क मोजत होती, तरी तिचं स्वतःचं स्टेनलेस ब्लेड 1963 उजाडेपर्यंत आलं नाही. ज्या कंपनीचं पोट ब्लेड लवकर बोथट होण्यावर भरतं, तिने टिकाऊ ब्लेड काढायची घाई का करावी? पुढे 1971 साली दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं आणि पैसा तिकडे वळला. दुधारी ब्लेड मागच्या फळीवर गेलं.

पुणेकरांचं ठाम मत असं, की साठ-सत्तरच्या दशकातल्या स्टेनलेस ब्लेडांसारखी ब्लेडं आता होत नाहीत. पाकिटाच्या मागे ते पेन्सिलीने रेघा ओढतात. प्रत्येक दाढीला एक. साठच्या दशकातल्या एका इंग्लिश पाकिटावर दहाच्या पुढे रेघा होत्या. आजच्या ब्लेडांच्या पाकिटावर चार-पाच, फार तर सात.

माझं मत जरा निराळं आहे, आणि ते मी त्यांना सांगितलंही. जुन्या ब्लेडांतली जी वाईट होती ती केव्हाच गंजून उकिरड्यावर गेली. कपाटात आहे ती निवडून उरलेली. शिवाय दुर्मिळ ब्लेड लावलं की माणूस गाल नीट भिजवतो, हात हलका ठेवतो, घाई करत नाही. रेघा वाढतात त्या यामुळेही. ते हसले, म्हणाले, "असेल. पण मग आजच्या ब्लेडने अशी सावकाश दाढी का करावीशी वाटत नाही, ते सांगा." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

न उघडलेलं स्टेनलेस ब्लेड मात्र किती वर्षं राहावं याला जवळजवळ मर्यादा नाही, एवढं त्यांचं खरं. कागद धड असला, आत ओल शिरली नसली, तर पोलाद आणि मुलामा दोन्ही जागच्या जागी राहतात. ब्लेडचं आयुष्य वर्षांत मोजायचंच नाही. ते सुरू होतं पहिल्यांदा ओलं झाल्यावर.

केसापुढे पोलाद

ब्लेड एक दशांश मिलिमीटर जाड असतं. धारेचं टोक शंभर नॅनोमीटरपेक्षाही बारीक. सुमारे तेरा टक्के क्रोमियमचं पोलाद हजार अंशांच्या वर तापवायचं, झपकन थंड करायचं, मग टप्प्याटप्प्याने घासायचं, शेवटी चामड्यावर फिरवायचं, त्यावर क्रोमियम-प्लॅटिनमचा थर आणि त्याहून वर टेफ्लॉनच्या जातीचा मुलामा, म्हणजे तव्यावर असतो तोच. पहिली दाढी कधीकधी दुसरीपेक्षा खरखरीत होते ती या मुलाम्यामुळे. धारेच्या अगदी टोकावरचा जादा थर पहिल्या फेरीत निघून जातो.

हे असं पोलाद केसाहून सुमारे पन्नास पट कठीण. तरी बोथट होतं कसं? घासून झिजतं, असं आपण गृहीत धरून चाललो होतो. एमआयटीमधल्या जानलुका रोशोली, मोहदेसे ताहेरी-मुसवी आणि जेम तासान यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले, आणि 2020च्या ऑगस्टमध्ये त्यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. धार गोल होत नाही, तिचे बारीक टवके उडतात, असं त्यांना दिसलं. केस पात्याला काटकोनात भेटला तर फारसं बिघडत नाही. तो वाकून तिरपा आला, आणि नेमका तिथे आला जिथे पोलादातला कठीण कण आणि मऊ कण यांची सीमा आहे, तर त्या जागी कडा तुटते. म्हणजे एकाच पाकिटातली दोन ब्लेडं वेगळी वागतात, ही आपली जुनी तक्रार अगदीच मनची नव्हती.

यातून एक गोष्ट हाताशी येते. केस वाकू द्यायचा नाही, आणि तो मऊ असला पाहिजे. कोरडा दाढीचा केस तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट असतो, असं म्हणतात. पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरला की कापायला कितीतरी कमी जोर लागतो. ब्रशने फेस करणारे आजोबा ब्लेड पुरवून वापरत, त्यात काटकसरीइतकाच वाटा त्या ब्रशचा.

नळ, गीझर आणि खारी हवा

अमिरातीत गाल भिजवायला गरम पाण्याची अडचण नाही. उन्हाळ्यात थंडच मिळत नाही. जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की 'थंड' नळाखाली हात धरवत नाही. इथली मुरलेली कुटुंबं गीझर बंद ठेवतात आणि आंघोळीला त्यातलं पाणी घेतात, कारण घरातल्या एसीत ते पाणी बाहेरच्यापेक्षा थंड राहिलेलं असतं. दाढीसाठी ही चैनच. शिवाय नळाचं पाणी बहुतेक समुद्राचं खारेपण काढलेलं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने रेझरवर जी पांढरी पुटं बसतात, ती इथे सहसा दिसत नाहीत, आणि साबणाला फेसही चांगला येतो.

किनाऱ्यावरच्या हवेचं मात्र तसं नाही. उन्हाळ्यातल्या रात्री दुबई-शारजात काचांवरून पाण्याचे ओघळ येतात, आणि त्या दमटपणात मीठ असतं. 'स्टेनलेस' नावाला जागत असलं, तरी ब्लेडचं पोलाद कढईचं नाही. धार धरावी म्हणून त्यात कार्बन जास्त असतो, आणि मिठाने त्याला बारीक छिद्रं पडतात. पुणेकरांचा तोडगा साधा आहे. दाढी झाली की रेझर सैल करायचा, नळाखाली धरायचा, झटकायचा, पुसायचा नाही, आणि बाथरूममध्ये न ठेवता बेडरूमच्या फडताळात ठेवायचा, कारण तिथली हवा एसीने कोरडी केलेली. टॉवेलने पुसताना धारेचं जेवढं नुकसान होतं तेवढं दोन दाढ्यांत होत नाही, असं ते म्हणतात. आकडा त्यांचा आहे, पण न पुसण्याचा सल्ला बरोबर आहे.

गुरुवारचं ब्लेड

रत्नागिरीकडचे एक चाचा मला देऱ्यात भेटले. 1976 साली ते मुंबईहून 'द्वारका' बोटीने आले. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही उतारू बोट 1982पर्यंत मुंबई, कराची आणि आखाती बंदरं करत असे, आणि कोकणातल्या कितीतरी घरांचा आखाताशी संबंध तिच्या डेकवरच जुळला. चाचा गोदामात कामाला होते. एका खोलीत दहा जण, एक बाथरूम, खिडकीत दहा रेझर.

"ब्लेड आठ दिस चालवायचो," ते म्हणाले. "शुक्रवारी नवीन. एक दिवसाआड दाढी. गुरुवारचा ब्लेड कसा लागायचा, ते गालाला विचारा."

ब्लेडांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपापली खूण ठरवलेली. चाचांनी रेझरच्या दांडीला लाल दोरा बांधला होता. आठ दिवस म्हणजे त्यांच्या तीन-चार दाढ्या. इथे हिशेबाचा घोळ होतो. कुणी ब्लेड पंधरा दिवस चालतं म्हणतो, तो आठवड्यातून दोनदा दाढी करणारा असतो. कुणी पाच दिवस म्हणतो, तो रोज करणारा. केसांची जाडी दोघांचीही तीच, संख्याही तीच. दिवस सोडून दाढ्या मोजल्या की दोघांच्या उत्तरांतलं अंतर बरंचसं मिटतं. उरलेलं अंतर सोसण्याचं. ब्लेड 'ओढायला' लागलं की एक जण फेकतो, दुसरा गाल ताणून धरतो.

गावी जाताना चाचांच्या पेटीत कापड, अत्तर, टायगर बामच्या बाटल्या आणि ब्लेडांची पाकिटं. भारतात तेव्हा भारत, पनामा, अशोक, टोपाझ अशी देशी ब्लेडं मुबलक होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यातून सुपरमॅक्स निघत होती. पण 'दुबईचं ब्लेड' म्हणजे निराळी गोष्ट. नातेवाइकांना एकेक पाकीट, मास्तरांना एक, आणि गावच्या न्हाव्याला दोन, कारण चाचांची पुढची दाढी त्याच्याच हातून व्हायची.

मास्कच्या आतली दाढी

अबुधाबीच्या दक्षिणेला वाळवंटात शाह नावाचं वायुक्षेत्र आहे. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड सुमारे तेवीस टक्के. याचा एक टक्क्याचा दहावा हिस्सासुद्धा माणसाला जागच्या जागी आडवा करतो. अशा ठिकाणी श्वासाचा मास्क चेहऱ्याला हवाबंद बसावा लागतो, आणि त्वचा व रबर यांच्यामध्ये दोन दिवसांचे खुंट आले तरी फट राहते. म्हणून अशा कामांवर दाढी रोज करणं हा हेल्मेट घालण्याइतकाच नियम असतो.

अशाच एका प्रकल्पावर काम केलेला सांगलीचा एक इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर सुटीत दुबईला आला होता. पहाटे चारला उठून दाढी, मग बस. "घरी असतो तर ब्लेड दहा दिवस ओढलं असतं," तो म्हणाला. "इथं दर रविवारी बदलतो. हनुवटीखाली एक पट्टा राहिला तर मास्कच्या चाचणीत सापडतो, आणि मग सगळ्यांसमोर पुन्हा करायची." त्याचं ब्लेड सहा-सात दाढ्यांनंतर जातं, अजून चाललं असतं तरी. बिजनौरच्या कारागिराचं दहा मिनिटांत जातं, अजून चाललं असतं तरी. पोलादाची शेवटची दाढी कोणती, हे पाहायला या देशात तसं कुणी थांबतच नाही. थांबतात ते खोलीवर राहणारे.

त्यांच्यासाठी नाक्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, पाच-पाचची पाकिटं टांगलेली असतात: पाकिस्तानची ट्रीट, इजिप्तची लॉर्ड, तुर्कस्तानची डर्बी, शिवाय जिलेट. दुकानदार सांगतो की पूर्वी मालकाच्या पसंतीचं एक नाव ठेवलं की पुरे व्हायचं. आता प्रत्येक देशाचा माणूस आपलं ब्लेड मागतो.

चाचा आता मुलाकडे, कामाला जात नाहीत. त्यांचा पुतण्या सोनापूरच्या कॅम्पमध्ये राहतो, एका कंपनीत एसी दुरुस्त करतो. नुकताच गावाहून परतला होता. ब्लेडं आता उलट्या दिशेने येतात. मुंबईत घाऊक बाजारात ती इतकी स्वस्त पडतात की दिरहम मोजायला जिवावर येतं. केबिनच्या पिशवीत ब्लेड चालत नाही, म्हणून त्याने शंभरांचं खोकं मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून आणलं. आठवड्याला एक वापरतो. शंभर ब्लेडं म्हणजे साधारण दोन वर्षं. व्हिसाही तेवढाच आहे.